दहापैकी दोन

आमच्या कॉलेजात परिषद भरली की संशोधन सोडून बाकी सगळं होतं. दीपप्रज्वलन होतं, स्वागतगीत होतं, शाल-श्रीफळ होतं, अध्यक्षीय भाषण होतं, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की अरेच्चा, पेपर वाचायचे राहिलेच की! मी हे कुचेष्टेने बोलतेय असं वाटत असेल, तर अगदी बरोबर वाटतंय. मी इथे रुजू झाले तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याच गळ्यात आहे. मराठीच्या प्राध्यापकाला दुसरं काय येतं, असा सगळ्यांचा समज. त्यात माझं नाव उझ्मा शेख. पाहुणे आधी विचारतात, "उर्दू विभाग का?" मी म्हणते, "नाही, मराठी." मग ते कौतुकाने म्हणतात, "वा, मराठी फार छान बोलता हो!" अहो, जन्म देवळाली प्रवऱ्यातला माझा. आता काय चिनी बोलू?

यंदाची परिषद दांडगी होती. मानव्यविद्या, शिक्षण आणि वैद्यक, तिन्ही एकाच मांडवात. तीन विषय घेतले की फ्लेक्सवर तिप्पट पाहुण्यांचे फोटो येतात, हे आमच्या प्राचार्यांचं गणित. पण खरं सांगू? कार्यक्रमपत्रिका हातात आली तेव्हा मला आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. कुणी जात्यावरच्या ओव्यांतली नणंद अभ्यासली होती. कुणी नगरच्या जुन्या खापरी नळांच्या मागे उन्हातान्हात हिंडलं होतं. पहिलीतली पोरं बेरजेत हातचा का विसरतात, यावर एका बाईंनी दोन वर्षं घालवली होती. एका डॉक्टरीणबाईंनी ऊसतोडीच्या फडात जाऊन बायांचा रक्तक्षय मोजला होता. माणसं केवढ्या केवढ्या गोष्टींना जीव लावून बसतात! मला हे फार आवडतं. म्हणून तर ते हारतुरे बघून माझं डोकं फिरतं.

आणि यंदा त्यात माझाही पेपर होता. विषय होता, दुखणं सांगण्याची भाषा.

हा विषय मी ग्रंथालयात बसून काढलेला नाही. तो मला भागूमावशीने दिला. भागूमावशी आमची शेजारीण. मी नेट-सेटच्या परीक्षा देत होते तेव्हा माझं तान्हं लेकरू हिच्या मांडीवर वाढलं. तिला गेल्या वर्षी जेवल्यावर पोटात दुखायचं. मी तिला दवाखान्यात नेलं. कोणत्या, ते विचारू नका. तिथला तरुण डॉक्टर भला होता बिचारा. त्याने हसून विचारलं, "आजी, दहापैकी किती दुखतं?"

मावशीने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "दोन."

त्याने दोन लिहिलं. पित्ताच्या गोळ्या दिल्या. पुन्हा गेलो, पुन्हा दोन. अख्खा हिवाळा गेला. शेवटी एके दिवशी धुणं धुताना ती दगडापाशीच आडवी झाली, ओठ पांढरेफटक. नगरला नेऊन ऑपरेशन केलं तेव्हा पित्ताशयातून खडे निघाले. तिथले सर्जन म्हणाले, "हे इतके दिवस सहन कसं केलं? माणूस गडाबडा लोळतो यात."

मी घरी आल्यावर चिडून विचारलं, "मावशी, मग दोन का म्हणालीस गं?"

"आगं, येवढं शिकल्यालं पोरगं. सकाळपासनं येवढी रांग तपासतंय, तोंडात पान्याचा घोट न्हाई. त्याला आपलं गाऱ्हानं धा सांगायचं व्हय? दोन सांगितलं, तेबी मला लई वाटलं."

मला रडू आलं आणि हसूही आलं. आपण यालाच तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतो ना? इथे तर तोंडसुद्धा हिचं हिनेच दाबलेलं!

त्यानंतर मी सुट्टीच्या दिवशी वाड्या-वस्त्यांवर बायांना तोच प्रश्न विचारत हिंडू लागले. काय एकेक उत्तरं! एक म्हणाली, "धा म्हंजी मेल्यालं मानूस. मी तर चालत आले." दुसरीने बेधडक दहापैकी दहा दिले, पण दुखण्याला नाही, डॉक्टरला. "लई चांगला हाय वो, नापास कशाला करू?" तिसरीने मलाच विचारलं, "मालक शेजारी हुबे असताना सांगू, का एकलीला?" मालक असले की तीन, सासू असली की सहा, आणि एकटी असली की ती रडायलाच लागायची. पण आकडा सोडून "कसं दुखतं ते सांगा" म्हटलं की ह्याच बाया घडाघडा बोलायच्या. ठणका निराळा, कळ निराळी, चमक निराळी, उसण निराळी. कुठून निघतं, कुठे जातं, कशाने थांबतं, सगळं.

आमच्या परिषदेचे प्रमुख पाहुणे होते डॉ. नितीन. जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांवर येणाऱ्या नव्या डॉक्टरांचं आणि परिचारिकांचं प्रशिक्षण यांच्या हातात. मी आधीच फोन केला होता. ते म्हणाले, "मॅडम, विषय छान वाटतोय, पण ऐकल्याशिवाय शब्द देणार नाही. याच आठवड्यात वर्षभराचं वेळापत्रक पक्कं होतंय. परिषदेत ऐकतो आणि ठरवतो. समारोप झाला की मात्र लगेच निघणार." म्हणजे त्या दिवशी त्यांनी ऐकलं तर माझं काम दवाखान्यापर्यंत जाणार, नाहीतर वर्षभर कपाटात. आणि वर्षभर बाया दोन-दोन सांगत राहणार.

मी भागूमावशीलाही बोलावलं. माझा नवरा अझीम तिला स्कूटरवर घेऊन आला. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून ती थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली. तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही.

"मावशी, काही खाऊन आलीस का?"

"कालिजात जेवान हाय म्हनल्यावर घरी कशाला खायाचं?"

झालं! आमच्याकडे रात्र थोडी आणि सोंगं फार. उद्घाटनालाच दुपार व्हायला आली. व्यासपीठावर इतकी माणसं होती की समोर कमी दिसायला लागली. प्रत्येकाला शाल. शाल द्यायला वेगळा माणूस, नारळ द्यायला वेगळा, आणि फोटो नीट आला नाही म्हणून काही सत्कार पुन्हा. मी माइकवर गोड आवाजात "यानंतर" म्हणत होते आणि मनात दात-ओठ खात होते.

शेवटी एकदाचे तिन्ही विषयांचे कक्ष सुरू झाले. पत्रिकेत माझ्या पेपरपुढे कक्षाचं नाव छापायचं राहिलंच होतं. मी पेनड्राइव्ह घेऊन मानव्यविद्या कक्षात गेले. तिथल्या अध्यक्षांनी माझं शीर्षक वाचलं आणि म्हणाले, "दुखणं? हे वैद्यकात जाईल मॅडम. इथे साहित्य, इतिहास."

वैद्यक कक्षात गेले. तिथले अध्यक्ष म्हणाले, "यात तपासणी नाही, औषध नाही. हा तर भाषेचा विषय झाला."

"पण सर, रोगी भाषेतच बोलतो ना? क्ष-किरणात बोलतो का?"

"मुद्दा चांगला आहे," ते म्हणाले, "पण कक्ष हा नाही."

शिक्षण कक्षात एका बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "यात शाळा कुठे आहे?" मी म्हटलं, डॉक्टरांना शिकवायचं आहे, ते शिक्षणच की. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना मराठीच्या बाई शिकवणार?" आणि छान हसल्या. तेवढ्या वेळात पुन्हा मानव्यविद्या कक्षाकडे धावले तर तिथे कुलूप लावणं चाललं होतं.

व्हरांड्यात भीमराज सर भेटले. हे आमच्या इतिहास विभागाचे, भीमराज साळवे. आजूबाजूच्या गावांतल्या जुन्या जलशांची गाणी यांनी वयस्कर माणसांकडून एकेक करून गोळा केलीयत. स्वतः गातातही झकास.

"काय झालं, मॅडम? चेहरा असा का?"

"तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, सर. तिन्ही घरी नकार."

"मग माझं ऐका. प्राचार्यांनी आत्ताच फर्मान काढलंय. पाहुण्यांना निघायचंय, म्हणून आधी समारोप, मग जेवण. राहिलेले पेपर वाचले असं समजायचं. माझी गाणीही गायली असं समजायचं!"

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी म्हटलं, "सर, डॉक्टर आत्ता गेले की संपलं. पहिल्या रांगेत मावशी उपाशी बसलीय माझ्यासाठी. तिला काय सांगू? तुझं दुखणं ऐकलं असं समजायचं?"

भीमराज सरांनी व्हरांड्यात इकडेतिकडे पाहिलं. मग खिशातून घडी केलेला कागद काढला. "समारोपाचं आभारप्रदर्शन माझ्याकडे आहे. ही नावं. ते आता तुम्ही करा." आणि जाता जाता मिश्किल हसून म्हणाले, "आभारात आपलं नाव येईपर्यंत आपल्याकडे कुणी उठतं का, मॅडम?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माणूस आहे की कोण! इतक्या वर्षांच्या सूत्रसंचालनात हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मुख्य भाषणात लोक डुलक्या काढतात, मोबाईल बघतात, उठून जातात. पण आभाराला मंत्र्यापासून मांडववाल्यापर्यंत जो तो कान टवकारून बसलेला असतो, कारण आपलं नाव राहिलं तर तो अपमान वर्षानुवर्षं पुरतो. रीतीप्रमाणे पहिलं नाव प्रमुख पाहुण्यांचं. ते झालं की पाहुणे मोकळे.

समारोपात आभाराची वेळ आली तशी मी माइकसमोर उभी राहिले, यादीचा कागद उलटा धरला आणि शेवटून सुरुवात केली.

"सर्वप्रथम मी आभार मानते मंडपवाल्यांचे." समोर खसखस पिकली. आमचा मंडपवाला, श्रीमंत त्याचं नाव, मागे खांबाला टेकून उभा होता, तो एकदम ताठ झाला. मग मी ध्वनिक्षेपकवाल्यांचे मानले, आचाऱ्यांचे मानले. मसालेभाताचा वास सभागृहात घुमत होता, त्यामुळे आचाऱ्यांना टाळ्याही मनापासून पडल्या. व्यासपीठावर प्राचार्य चुळबुळले. डॉ. नितीन यांनी घड्याळ पाहिलं, पण उठले नाहीत. कसे उठतील? नाव कुठे आलंय!

"आता मी आभार मानते अशा बायांचे," मी म्हटलं, "ज्यांच्याशिवाय या परिषदेतला एक पेपर झालाच नसता. पहिले आभार त्या वहिनींचे, ज्यांनी डॉक्टरांना दहापैकी दहा गुण दिले." आणि मी तो किस्सा सांगितला. सभागृह खो-खो हसलं. "आभार त्या ताईंचे, ज्यांचं दुखणं मालकासमोर तीन असतं आणि सासूसमोर सहा." बायकांच्या रांगेतून असा काही हशा उठला की शिक्षण कक्षाच्या त्या चष्म्यावाल्या बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. "आभार त्या आजींचे, ज्यांनी मला समजावलं की ठणका गळवाचा, चमक कमरेची आणि कळ पोटातली. डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं की कसं दुखतं, तरी निम्मा आजार बाई स्वतः सांगते. फक्त तिला आकडा मागू नका. आकडा मागितला की ती दुखणं सांगत नाही, ती तुमचा मान राखते."

इथे हशा थांबला. व्यासपीठावरून माझ्या हातात चिठ्ठी आली. 'आवरा.' मी ती उघडून माइकवर म्हटलं, "प्राचार्य सरांनी चिठ्ठी पाठवून उत्साह वाढवला, त्यांचेही आभार. सविस्तर नंतर मानते." प्राचार्यांना हसावं की रागवावं कळेना. शेवटी ते हसले. नाव यायचं होतं ना त्यांचं अजून!

"आणि आता आभार भागूबाईंचे," मी म्हटलं.  "या समोर बसल्यात. यांनी डॉक्टरांना दहापैकी दोन सांगितलं. डॉक्टरांनी दोन लिहिलं. कुणाचंच चुकलं नाही. डॉक्टरांनी नीट विचारलं आणि मावशीने नीट वागून उत्तर दिलं. आणि या सगळ्या नीटपणात ही बाई अख्खा हिवाळा पोटातले खडे घेऊन धुणं धूत राहिली. मला तिचा राग आला होता. आता येत नाही. आपण तिला असा प्रश्न विचारला, ज्याचं खरं उत्तर देणं तिला वाईट वागणं वाटतं. मग ती काय करेल?"

भागूमावशी मान खाली घालून लुगड्याच्या काठाशी चाळा करत होती. 

मग मी भराभर प्राचार्यांचे आभार मानले, संस्थेचे मानले, तिन्ही कक्षांच्या अध्यक्षांचे मानले. भीमराज सरांचे तर दोनदा मानले. राहिलं एकच नाव. सगळे खुर्च्यांच्या कडेला आले, चपला शोधू लागले.

"राहिले आपले प्रमुख पाहुणे, डॉ. नितीन सर," मी म्हटलं आणि थांबले. "त्यांचे आभार मी आज मानणार नाही."

बाप रे! मागे श्रीमंतने मांडवाची दोरी गुंडाळायला घेतली होती, त्याचाही हात थांबला. प्राचार्यांचा चेहरा तर असा झाला की मला क्षणभर दया आली. 

"ज्या दिवशी जिल्ह्यातला नवा डॉक्टर 'दहापैकी किती' विचारण्याआधी 'कसं दुखतं' असं विचारेल, त्या दिवशी मी त्यांच्या दारात जाऊन आभार मानेन. तोवर उधार. धन्यवाद."

मी खाली बसले. टाळी एकही पडली नाही. मला वाटलं, संपली नोकरी.

डॉ. नितीन उठले. शाल काढून खुर्चीवर ठेवली. माइककडे आलेच नाहीत, पायऱ्या उतरून सरळ खाली गेले. एक खुर्ची ओढली आणि भागूमावशीच्या समोर बसले.

"मावशी," ते म्हणाले, "मी आकडा विचारत नाही. ते कसं दुखायचं, सांगता का मला?"

मावशीने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"आता सांगू का डाक्टर," ती सावरून बसली. "जेवलं की जरा येळानं हितं, उजव्या अंगाला बरगडीखाली कळ उठायची. ओलं लुगडं पिळत्यात ना, तसं आतनं कुनीतरी पिळायचं. मागं जायाची, पार खांद्यापत्तूर. मग मळमळायचं. तेलकट खाल्लं की जास्तीच. मी आपली भाकरी नि वरनाचं पानी खायची. आन् यकायकी सुटायची कळ, जशी आली तशी. मग म्या उठून भांडी घासायची."

वैद्यक कक्षाचे अध्यक्ष मागेच उभे होते. ते हळूच म्हणाले, "हे तर पुस्तकातलं वर्णन आहे. एवढं ऐकलं असतं तर सोनोग्राफी फक्त खात्रीपुरती लागली असती."

"मग सर," मी तिथूनच म्हटलं, "हे तुमच्या कक्षात बसतं का आता?" ते बिचारे ओशाळले आणि दिलखुलास हसले. चांगला माणूस होता. त्यांनी मला पुढे त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर बोलायला बोलावलंही, पण ती नंतरची गोष्ट.

डॉ. नितीन माझ्याकडे वळले. "उझ्मा मॅडम, प्रशिक्षणातली एक अख्खी सकाळ तुमची. तुम्ही शिकवायचं. पण अट आहे, मावशींना सोबत आणायचं. नवी पोरं यांना विचारतील, आणि कसं विचारायचं ते या त्यांना सांगतील. आहे कबूल?"

 बारा गावचं पाणी प्यालेली सूत्रसंचालिका मी, आणि लहान पोरीसारखी नुसती मान डोलावत राहिले. भीमराज सरांनी मागून जोरात टाळी वाजवली आणि मग सगळं सभागृहच वाजायला लागलं. आमच्या परिषदेत पेपरला टाळ्या पडल्याचं मला तरी आठवत नाही.

"म्या यीन," भागूमावशी म्हणाली. "पर पोरांस्नी सांगा, आधी काईतरी खाऊन बसा म्हनावं. उपाशी मानसाला खरं सांगाया जीव हुत न्हाई."

डॉ. नितीन हसले आणि वाकून म्हणाले, "आणि आत्ता? आता काही दुखतंय का?"

"न्हाई वो. दुखनं गेलं समदं. आता फकस्त भूक लागलीया."

डॉक्टरांनी माझ्याकडे चोरून पाहिलं आणि मुद्दाम विचारलं, "दहापैकी किती?"

मावशीने एकदा प्राचार्यांकडे पाहिलं, एकदा दारापलीकडच्या मसालेभाताच्या पातेल्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांची बोटं पसरून डॉक्टरांच्या नाकासमोर धरली.

"धा," ती ठणकावून म्हणाली. "आन् ह्या खेपंला कुनाचाबी मान राखायची न्हाई मी."